बुटांची चार वर्षे

जन्मतः आत वळलेली पावले, म्हणजेच क्लबफूट, हा सर्वस्वी अस्थिरोगतज्ज्ञांचा विषय आहे, अशी आपल्या व्यवसायातील सर्वसाधारण धारणा आहे. प्लॅस्टरपुरती ती योग्यच आहे. परंतु ज्या चार वर्षांत या उपचाराचे यश टिकते किंवा हातचे जाते, त्या वर्षांत मूल वारंवार येते ते बालरोगतज्ज्ञाकडे अथवा घरच्या डॉक्टरांकडे. म्हणून या वर्षांची राखण आपणच केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हजार जन्मांमागे सुमारे एका बालकास हे व्यंग असते. मुलींपेक्षा मुलग्यांत ते साधारण दुपटीने आढळते. आयोवा विद्यापीठातील डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी (१९१४–२००९) यांनी मोठ्या शस्त्रक्रियेवाचून त्यावर उपचार करण्याची पद्धत विकसित केली आणि तिचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. वैद्यकविश्वाने मात्र त्यांची खरी दखल घेतली ती १९९० च्या दशकानंतर. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचे. पाच-सहा प्लॅस्टरांत पाऊल बहुतांशी सरळ होते. बहुतेक बालकांना अखेरीस टाचेमागील कंडरेस लहानसा छेद आणि आणखी तीन आठवड्यांचे प्लॅस्टर लागते.

येथे घरच्यांना वाटते, सुटलो! वस्तुतः हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी ही स्थिती असते. पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालावेच लागतात. ते सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते. व्यंग उलटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

याला आईबापांची बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या काही रात्री बाळ रडते. ‘लेकराचे पाय बांधून ठेवलेत’ म्हणून आजीचा जीव तुटतो. पाऊल वाढते, बूट अपुरे पडतात, नव्या जोडीसाठी पुन्हा प्रवास आणि बुडालेला रोजगार. शिवाय दिवसभर दुडूदुडू धावणाऱ्या मुलाला रात्री बूट कशासाठी, हे कोणी नीट सांगितलेले नसते. त्यातच ग्रहणात काही चिरले-कापले म्हणून असे झाले, असा ठपका आईवर ठेवला जातो. या समजुतीस शास्त्राचा कोणताही आधार नाही, हे सासूसमोर आणि पतीसमोर ठामपणे सांगणे हाही उपचारच आहे.

यावर उपाय साधा आहे. सहा, दहा व चौदा आठवडे, नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने या प्रत्येक लसीच्या वेळी बूट मागवून घ्यावेत, ते आईला आपल्यासमोर घालायला लावावेत आणि घोट्यापासून पाऊल वर वळते का ते पाहावे. ते वर वळेनासे होणे ही पहिली धोक्याची सूचना. मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागेपर्यंत थांबू नये. खरी उणीव पुढेच आहे. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान राष्ट्रीय वेळापत्रकात नियमित लस नाही आणि बूट अडगळीत जातात ते याच काळात. तेव्हा दर सहा महिन्यांनी दिला जाणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस हेच आपले निमित्त व्हावे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने क्लबफूटचा समावेश तपासणीत केला, ही मोलाची गोष्ट आहे. पण चिठ्ठी देऊन पाठवणे निराळे आणि पाठपुरावा निराळा. आपल्या बेळगाव परिसरात सूचना इंग्रजीत लिहून भागत नाही. त्या मराठीत आणि कन्नडमध्ये, घरातील सर्वांना वाचता येतील अशा हव्यात. आपल्या संघटनेने असे एक पानी पत्रक काढावे आणि प्रत्येक सभासदाने ते लसीकरणाच्या कार्डाला जोडावे. खर्च नगण्य आहे. त्यावर एका मुलाचे आयुष्यभराचे चालणे अवलंबून आहे.