कपड्यांवरून घरात येणारे शिसे

प्रदूषण म्हटले की आपण घराबाहेर बोट दाखवतो. नांदेडला गोदावरीत मिसळणारे सांडपाणी, लातूरला उन्हाळ्यातले टँकरचे पाणी. घरातली धूळ म्हणजे मात्र आईच्या नाहीतर बहिणीच्या झाडूचे काम, त्यात विचार करण्यासारखे काही नाही असे आपण धरून चालतो. त्या धुळीविषयी मला लिहायचे आहे, कारण आपल्या वस्त्यांतल्या पोटापाण्याशी तिचा थेट संबंध आहे.

भंगार, गॅरेज, रंगकाम, बॅटरी दुरुस्ती. शाळा सुटली की मोहल्ल्यातली कितीतरी पोरे याच कामांत शिरतात. भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आणले, आता ई-रिक्षा वाढल्या. दोन्हींत बहुतेक वेळा अ‍ॅसिडचीच बॅटरी असते आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो. बॅटरी फोडून प्लेटा काढताना, शिसे वितळवताना बारीक भुकटी उडते. ती कपड्यांवर, केसांत, चपलेत बसते. संध्याकाळी कारागीर घरी येतो, त्याच कपड्यांनी लेकराला उचलतो, गादीवर टेकतो. भुकटी फरशीवर येते. रांगणारे मूल फरशीवरचा हात तोंडात घालते.

गिळलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात चार-पाच पट अधिक शोषले जाते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. ताप येत नाही, पुरळ येत नाही. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, आणि झालेले नुकसान बहुधा भरून निघत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी आपण कर्ज काढतो, पण त्या मुलाच्या मेंदूचे नुकसान दुसऱ्याच वर्षी होऊन गेलेले असू शकते.

शिसे फक्त बॅटरीतून येते असेही नाही. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग जुन्या दारांवर, ग्रिलवर अजून आहे, आणि ईदच्या आधी आपण तोच कोरडा घासून काढतो, मुले आजूबाजूला खेळत असताना. सुरम्याचेही तेच. अनेक देशांतल्या तपासण्यांत सुरम्याच्या नमुन्यांत भरपूर शिसे सापडले आहे. बाळाच्या डोळ्यांत घातलेला सुरमा चोळलेल्या बोटांवरून तोंडात जातो. डोळ्यांना थंडावा मिळतो, हे आजीचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण सुरमा घालू नये.

कुणी म्हणेल, मग पोरांनी काम सोडायचे का? नाही. कामाचे कपडे दुकानातच बदलावेत, घरी आणले तर वेगळे धुवावेत, मुलाला हात लावण्याआधी अंघोळ करावी. कोरडा झाडू धूळ हवेत उडवतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे, आणि हे पुसणे फक्त बायकांवर टाकू नये. वुजूमुळे दिवसातून अनेकदा हात धुण्याची सवय आपल्याला आहेच, पण कामावरून आल्यावर साबणही लागतो, नुसत्या पाण्याने शिसे नीट निघत नाही.

मालकांकडूनही काही मागावे लागेल: अंघोळीची जागा, मास्क, वेगळे कपडे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरीही गल्लीतल्या भट्टीत वितळवणे स्वस्त पडते, आणि त्या स्वस्ताईची किंमत कारागिराची मुले मोजतात. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्ही ठिकाणी बॅटरी आणि भंगार कामगारांच्या पाच वर्षांखालील मुलांची शिशासाठी रक्ततपासणी मोफत व्हावी, एवढी एक मागणी घेऊन दोन्ही शहरांतल्या तरुणांनी याच महिन्यात अधिष्ठात्यांना भेटावे. जाताना दोन-चार कारागिरांना सोबत न्यावे, बोलणेही त्यांनाच करू द्यावे.