दुसऱ्याच्या खिशातला त्याग

महाराष्ट्रात त्यागाला तोटा नाही. तोटा आहे तो त्याग करणाऱ्यांचा. त्यागावरची व्याख्याने, त्यागाचे गौरवग्रंथ, त्यागाची पारितोषिके आणि त्यागाच्या कथा ऐकून ओलावणारे डोळे, यांचे पीक आपल्याकडे बारमाही येते. त्यातून दिवाळी सरली की सत्कारांचा खास हंगाम सुरू होतो. गडचिरोलीच्या जंगलात, मेळघाटात किंवा एखाद्या भटक्या जमातीच्या पालांवर उमर घातलेल्या जोडप्याला पुण्या-मुंबईस बोलावतात. शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि एक धनादेश देतात. ती दोघे आपल्या साध्या, अडखळत्या बोलीत काही सांगतात आणि सभागृह रडते. खरोखर रडते, त्यात ढोंग नसते. मग सभागृह बाहेर येते, आपापल्या गाड्या काढते आणि वाटेत मुलाच्या परदेशी विद्यापीठाच्या फीचा हिशेब मांडू लागते.

या हिशेबाबद्दल माझी तक्रार नाही. बापाने मुलाच्या फीचा हिशेब करू नये तर कुणी करावा? माझी तक्रार आहे ती आधीच्या रडण्याबद्दल. ते रडणे म्हणजे एक पावती असते. आमच्या वाट्याचे जे काही होते ते तुम्ही परस्पर भरलेत, पोचले, असा तिचा मजकूर. शिवाजी जन्मावा पण शेजारच्या घरी, हे आपण एकमेकांना हसत हसत सांगतो. आपला भेकडपणा विनोद करून सांगितला की तो मोठ्या मनाच्या कबुलीसारखा दिसतो, आणि कबुली दिली की माणूस सुटतो. मराठी माणसाने या एका म्हणीवर किती पिढ्यांची सुटका करून घेतली आहे!

आणि आपला वर्ग मुळातच असा होता असेही म्हणायची सोय नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या आईला लिहिलेल्या पत्राची हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. कऱ्हाडाजवळच्या टेंभूचा अत्यंत गरीब घरचा मुलगा, एम. ए.च्या उंबरठ्यावर उभा. आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि दिवस पालटतील अशी घरच्यांची आशा. त्याने कळवले, की पोटापुरते मिळवून बाकीचा सगळा वेळ लोकांच्या हितासाठी खर्चायचा ठरवले आहे. हे पत्र आपण व्यासपीठांवरून फार गोड आवाजात सांगतो. त्या आईच्या जागी स्वतःला बसवून ते वाचणारा मात्र विरळा.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्य व्हायचे, वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि महिन्याकाठी पंचाहत्तर रुपये घ्यायचे, असा तो करार. आपल्या ध्येयवादाच्या कथांतून एक गोष्ट बहुधा गाळली जाते, ती अशी की या तरुणांच्या डोळ्यांपुढे नमुना होता तो जेझुइट पाद्र्यांचा. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ पासून तेच चालवीत होते. त्यांचा धर्म या मंडळींना नको होता, पण त्यांचे व्रत हवे होते. उत्तम शिकलेला माणूस स्वतःसाठी काही न मिळवता जन्म एका कामाला वाहतो, ही गोष्ट त्यांना शिक्षणाच्या कामासाठी उसनी घ्यावीशी वाटली.

पुढे भांडण झाले तेही याच व्रतावरून. टिळकांचे म्हणणे, की आजीव सदस्याने संस्थेबाहेर कमाईची किंवा वेळ खाणारी कामे करता कामा नयेत. नाहीतर जेझुइटांचे नाव कशाला घ्यावे? उलट बाजूचे म्हणणे, की संसार वाढतात, गरजा सारख्या नसतात आणि फावल्या वेळावर संस्थेचा हक्क नसावा. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक चांगले खपत होते, आणि १८९० साली त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा ठिणगी पडली. टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहिला आणि ते बाहेर पडले. या वादात कोण बरोबर होते, यावर आपल्याकडे शंभर वर्षे शाई सांडली आहे. मला विचाराल तर तत्त्व टिळकांचे चोख होते आणि व्यवहाराची जाण दुसऱ्या बाजूला अधिक होती. पण मला यात मौज वाटते ती निराळीच. त्या काळातली विद्यापीठातली पहिल्या प्रतीची बुद्धिमान माणसे एकमेकांवर तुटून पडली होती, आणि वादाचा विषय काय, तर आपण पुरेसे गरीब राहतो आहोत की नाही! आजच्या एखाद्या शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळात या विषयावर भांडण पेटल्याचे कुणी ऐकले आहे काय?

ज्या गोखल्यांवर व्रतभंगाचा ठपका आला त्यांनीच १९०५ साली भारत सेवक समाज काढला. त्याची शपथ वाचली तर ती एखाद्या संन्यासी संघाची वाटावी. सेवकाने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. समाज देईल तेवढ्यात स्वतःचे आणि कुटुंबाचे भागवायचे. खाजगी आचरण शुद्ध ठेवायचे. कुणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. पहिली पाच वर्षे उमेदवारीची. सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक हवी, हा गोखल्यांचा आग्रह होता. पाठोपाठ १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्म मठ स्थापला. नाव पाहा: मठ! विधवांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाला आपल्या सेवकांच्या संघटनेसाठी दुसरा शब्द पुरेना. आगरकर तर देवाधर्माच्या बाबतीत अज्ञेयवादी. तेव्हा देव मानो वा न मानो, त्या पिढीने धर्माच्या पोटातली एक वस्तू बरोबर ओळखली होती. ती म्हणजे आपखुशीने आणि जन्मभरासाठी घेतलेले व्रत. आपण त्यांच्या सुधारणा घेतल्या, त्यांची कॉलेजे घेतली, त्यांचे पुतळे उभारले आणि तेवढी एक वस्तू जागच्या जागी ठेवून दिली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. त्यागी पुरुषाच्या बायकोला कुणी विचारले होते काय? आगरकर चाळिशी गाठण्याआधी, १८९५ साली गेले. मागे यशोदाबाई आणि मुले. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांचे ‘माझे पुराण’ ज्यांनी वाचले आहे त्यांना महर्षींच्या निष्काम कर्माची घरातली बाजू ठाऊक आहे. स्वतः बाया संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा करीत, म्हणून त्यांचे बोलणे कुरकुरीत काढता येत नाही. फार मागे जायचे तर विठ्ठलपंत कुलकर्ण्यांकडे पाहावे. बायकोला मागे ठेवून संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने परत आले, आणि त्याची शिक्षा चार लेकरांनी संन्याशाची पोरे म्हणून भोगली. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या त्यागाचा हिशेब आपल्या परंपरेला चांगला माहीत आहे.

म्हणूनच तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सावकारीचे सगळे कर्जरोखे त्यांनी इंद्रायणीत बुडवले, एवढेच लोक सांगतात. परंपरा त्याहून बारकाईने बोलते. धाकटा भाऊ कान्होबा याने म्हटले, की तुमचे ठीक आहे, पण माझ्या संसाराचे काय? तेव्हा रोख्यांच्या वाटण्या झाल्या. कान्होबाचा अर्धा हिस्सा त्याच्या हाती दिला आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त आपला. भावाच्या रोख्यांना त्यांनी हात लावला नाही आणि त्याला दोन उपदेशाचे शब्दही सुनावले नाहीत. माझ्या मते त्यागाचा सगळा कायदा या वाटणीत आला. त्याला दोनच कलमे आहेत. जे सोडायचे ते मुळात आपल्यापाशी हवे, आणि ते आपले हवे.

या कसोटीला ब्रह्मचर्य घेणारे संघ पुष्कळ बरे उतरतात. वसईच्या मराठी ख्रिस्ती वाड्यांतून आजवर अनेक मुलगे धर्मगुरू झाले, मुली मठवासिनी झाल्या. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांतलेच. ‘सुवार्ता’चे संपादन, हरित वसईचे आंदोलन, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, २०२४ साली ते वारले. अशा माणसाच्या मागे उपाशी बायको नसते. घर जे सोडते ते उघड सोडते, आणि सोडल्याबद्दल वाडीत मान मिळवते. याच कसोटीवर मुंबई-सुरतेकडच्या श्रीमंत जैन घरांतल्या दीक्षा पाहाव्यात. तिशीतला हिशेबनीस किंवा हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा जाणता मुलगा सगळे टाकून अनवाणी निघतो तेव्हा त्याच्या तत्त्वज्ञानाशी मतभेद असूनही मी हात जोडतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला रथातून मिरवीत दीक्षा देतात तेव्हा जोडलेले हात सोडावे लागतात. त्या मुलाने काय सोडले? ज्याची त्याला अजून ओळखही झाली नाही ते त्याच्या वतीने वडीलधाऱ्यांनी सोडले.

आपला सुखवस्तू वर्ग मात्र धर्मापासून दूर गेला आहे असे कुणी समजू नये. तो कधी नव्हे इतका धार्मिक झाला आहे. फक्त धर्माकडे तो आता मागणे घेऊन जातो, आणि ते मागणे आहे मनःशांतीचे. शनिवार-रविवारचे आश्रम, वातानुकूलित खोल्या, सात्त्विक जेवण, सकाळी ध्यान आणि सोमवारी पुन्हा कचेरी, अधिक ताजेतवाने होऊन. एक दिवसाची वारीही निघाली आहे: आळंदीहून पुण्यापर्यंत पांढऱ्या झब्ब्यात चालायचे, फुगडी घालायची, छायाचित्रे काढायची आणि संध्याकाळी गाडी मागवून घरी. ज्याला तेवढेच झेपते त्याने तेवढेच चालावे. विठोबा हजेरीपट ठेवीत नाही. पण संसार न सोडता देव भेटतो हे सांगणाऱ्या वारकरी पंथाने संसारातला हावरेपणा सोडू नका असे कधी सांगितले होते? धर्म म्हणजे थकलेल्या माणसाच्या पाठीमागचा लोड, अशी ही नवी व्याख्या आहे. ज्या धर्माने आपल्याकडे काहीच मागितले नाही, तो घरात येऊन बसला काय आणि न बसला काय!

हे सगळे एवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. माणसे आपमतलबी असतात, त्यात नवे काय? पण समाजाची कामे कुणी तरी कमी पैशांत करावीत ही गरज काही नाहीशी झाली नाही. ज्यांच्यापाशी सोडण्याजोगे होते त्यांनी हात आखडला. मग ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांच्याकडून त्याग वसूल होऊ लागला. २००० साली महाराष्ट्र सरकारने शिक्षण सेवक योजना आणली. शिकलासवरला शिक्षक, तीन वर्षे, प्राथमिक शाळेत महिना तीन हजार रुपये. त्याला नोकर म्हणायचे नाही, सेवक म्हणायचे! गोखल्यांनी जो शब्द शपथेने मिळवला तो सरकारने पगार कापण्यासाठी वापरला. कॉलेजांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक पाहा. पीएच. डी. झालेली, चाळिशीला टेकलेली माणसे, तासाच्या हिशेबाने पैसे घेणारी, सुट्टीत तेही नाहीत. ज्या महाराष्ट्रात माणसे ठरवून पंचाहत्तर रुपयांवर शिकवीत, तेथेच आज माणसे नाइलाजाने अर्धपोटी शिकवतात, आणि स्थापना दिनाच्या भाषणात या दोहोंची परंपरा एकच असल्याचे सांगितले जाते.

आणि आशा! सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका आहेत. २०२० साली करोनात ज्या वेळी आपण दाराला आतून कड्या घातल्या, त्या वेळी या बायका घरोघर फिरून तपासणी करीत होत्या. त्यांना मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत. मानधन म्हणतात, म्हणजे धनाच्या ऐवजी मान. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी संप केला तेव्हा सुशिक्षित घरांतून ऐकू आलेले उद्गार ज्याने त्याने आठवावेत. सेवा म्हणून पत्करले ना, मग पैशांसाठी अडून कसे बसता? हे कोण म्हणत होते? ज्यांनी स्वतःच्या पगारातला एक आयोग कधी सोडला नाही ते. कान्होबाने निदान आपला हिस्सा सरळ मागून घेतला होता. दुसऱ्याचे रोखे बुडवून पुण्य पदरात पाडण्याची युक्ती त्यालाही सुचली नव्हती.

आशांना आणि शिक्षकांना पुरते वेतन द्या, मानाचा शब्द मागाहून द्या. त्यांच्या कामाला त्याग म्हणणे ही लुबाडणूक आहे. ज्याचे पोट भरलेले आहे, ज्याला दुसरे काही होता येत होते, त्याच्याच बाबतीत तो शब्द वापरता येतो. म्हणजे तो शब्द आपल्या दाराशी येऊन उभा आहे. एखाद दिवशी तो खरोखर आत येतो. चांगल्या नोकरीतली पंचविशीची मुलगी जेवताना म्हणते, की मी नोकरी सोडून अमक्या आदिवासी भागातल्या दवाखान्यात कायमची जाणार आहे. पहिला प्रश्न: कुणाच्या नादी लागलीस? दुसरा: घराचे हप्ते आहेत ते? तिसरा: लग्नाचे काय? आई रडते, बाप बोलत नाही, मामाला फोन जातो आणि आठ दिवसांनी एका ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ ठरते. एकुलती एक आहे हो, असे सांगतात. आजच्या लहान कुटुंबांत ते बहुधा खरेही असते. पण घरात चार मुले असती तर चारांतले एक दिले असते काय, हे त्यांनी स्वतःशीच ताडून पाहावे.

या हंगामाच्या सत्कार समित्यांना माझी एक सूचना आहे. शाल पांघरण्याआधी व्यासपीठावरच्या प्रत्येकाने, अध्यक्षांपासून आभार मानणाऱ्यापर्यंत, ध्वनिक्षेपकापुढे येऊन एवढेच सांगावे, की आपल्या घरातल्या कुणी असा विचार बोलून दाखवला तेव्हा आपण काय केले. भाषणे आपोआप आटोपशीर होतील. आणि त्या दूरवरून आलेल्या जोडप्याला रात्रीची परतीची गाडी वेळेवर मिळेल.