रात्रीच्या सावल्या

बोईसर-तारापूरच्या वसाहतींत मुलगा किंवा सून रात्रपाळीला गेली, की घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत उरते ती खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडाची आणि भिंतीवर हलणाऱ्या सावल्यांची. या सावल्यांची भीती का वाटते, हे समजून घेण्यास शंभर वर्षांपूर्वीचे एक चित्र उपयोगी पडेल.

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराने १९२१ मध्ये ‘नाइट शॅडोज’ हे अम्लरेखन, म्हणजेच एचिंग केले. या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर लेप देऊन सुईने रेघा ओढतात. उघड्या पडलेल्या रेघा आम्लाने कोरल्या जातात, त्यांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. तेथे पांढरा रंग नसतोच; न कोरलेला कोरा भाग हाच उजेड. या चित्रात उंचावरून दिसणाऱ्या निर्जन रस्त्याने एकच माणूस चालला आहे आणि त्याच्या वाटेत एका खांबाची लांब सावली आडवी पडली आहे. खांब मात्र चित्रात दिसत नाही. म्हणूनच ती साधी सावलीही मनात धास्ती निर्माण करते.

आपल्या घरातही हेच घडते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि अंधाराला सरावण्यास अधिक वेळ लागतो. स्मृतिभ्रंश असेल, तर खुंटीवरचा सदरा माणूस भासतो आणि गडद पायपुसणे खड्ड्यासारखे वाटते. अशा वेळी “तिथे कोणी नाही” असे म्हणून वाद घालू नये. दिवा लावावा, नावाने हाक मारावी आणि सावलीचे मूळ दाखवावे. सदरा तेथून काढून ठेवावा. सायंकाळीच पडदे ओढून दिवे लावावेत. पलंगापासून शौचालयापर्यंत डोळ्यांवर न येणारा मंद दिवा रात्रभर असावा. वीज गेल्यास हाताशी बॅटरी असावी. मात्र असे भास अचानक सुरू झाले, तर जंतुसंसर्ग, औषधांचा परिणाम किंवा नेत्रविकार यांची शक्यता असते. डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे.

हॉपरच्या चित्रातला माणूस एकटा आहे. तो दुःखी आहे की निवांतपणे घरी निघाला आहे, हे चित्र सांगत नाही. आपल्या आईवडिलांविषयीही आपण परस्पर निष्कर्ष काढू नये. काहींना रात्रीचा एकांत प्रिय असतो, काहींना तोच एकाकीपणा जाचतो. कामावर निघण्यापूर्वी पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसावे आणि आज रात्री त्यांना काय हवे, हे त्यांनाच विचारावे.