खाण तशी माती?

‘स्मॉलव्हिल’ ही अमेरिकन मालिका २००१ ते २०११ अशी दहा सीझन चालली. सुपरमॅन होण्याआधीचा क्लार्क केंट, कॅन्सासमधल्या शेतकऱ्याने वाढवलेला मुलगा. तो प्रसिद्ध पोशाख जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाही. पण मला मोलाचा वाटला तो दुसराच बदल. पुढे हाडवैरी होणारा लेक्स लूथर इथे आधी क्लार्कचा मित्र आहे!

पहिल्याच भागात क्लार्क त्याला नदीतून वाचवतो. लेक्स आभार म्हणून ट्रक पाठवतो, तर क्लार्कचे वडील जोनाथन तो परत करायला लावतात. का? तर तो लायोनेल लूथरचा मुलगा. खाण तशी माती!

मंडळी, जोनाथन सज्जन आहेत, पण मुलाची पारख बापाच्या नावावरून करायची? लेक्सच्या पुढच्या पापांचा धनी लेक्सच, हे मान्य. तरीही इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर एक सांगते, आडनाव वाचून ज्याला मागच्या बाकावर बसवलं, तो बहुधा तिथलाच होऊन जातो.

जोनाथनसारखा बाप मिळाला म्हणून क्लार्क सुपरमॅन झाला, असं म्हणतात. खरंच आहे. मग लेक्सच्या पाठीवरही त्यांनी हात ठेवला असता तर?

तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.