पीअर रिव्ह्यूची तयारी: मागच्या तारखेचा कागद बनवू नका



पीअर रिव्ह्यूवरच्या व्हिडिओनंतर छोट्या फर्मच्या सीए मंडळींकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, रिव्ह्यू लागलाय. हातात थोडेच दिवस आहेत. जुन्या फाईली कशा तयार करू?"

माझं उत्तर काही जणांना आवडणार नाही, तरी सांगतो. जुन्या फाईली तयार करू नका. आहेत त्या नीट लावा, आणि जे नाही ते नाही म्हणून सांगा.

आधी दोन ओळीत पार्श्वभूमी. आयसीएआयने मार्च २००२ मध्ये पीअर रिव्ह्यू बोर्ड स्थापन केलं. लिस्टेड कंपनीच्या ऑडिटरकडे पीअर रिव्ह्यू सर्टिफिकेट असलंच पाहिजे, हा सेबीचा नियम आहे. १ एप्रिल २०२२ पासून इन्स्टिट्यूटने हे बंधन टप्प्याटप्प्याने इतर फर्म्सकडेही न्यायला सुरुवात केली. म्हणजे "हे मोठ्यांचं काम, आपला काय संबंध" असं म्हणायचे दिवस संपत आलेत.

रिव्ह्यूअर हा तुमच्यासारखाच सीए असतो. तो ऑडिट पुन्हा करायला येत नाही. ताळेबंद बरोबर की चूक यावर निकाल द्यायलाही येत नाही. तुम्ही ज्या मतावर सही केली, त्या मतापर्यंत कसे पोचलात हे फाईलवरून कळतं का, एवढंच तो बघतो. आणि गडबड नेमकी इथेच होते, कारण आपल्याकडे अर्धं ऑडिट सरांच्या डोक्यात असतं.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. मी आर्टिकल होतो. दोन पार्टनरची फर्म. रिव्ह्यूअर येणार म्हणून आम्ही पोरं आठवडाभर रात्री अकरापर्यंत ऑफिसात. एका प्रायव्हेट लिमिटेडच्या फाईलमध्ये मॅनेजमेंट रिप्रेझेंटेशन लेटर नव्हतं. मीच टाईप केलं, दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकली, कंपनीच्या लेटरहेडवर प्रिंट काढली, डायरेक्टरची सही आणली आणि पंच करून फाईलला लावलं. काम फत्ते!

रिव्ह्यूअर शांत माणूस. चहा घेत फाईल चाळली, ते पत्र बाहेर काढलं आणि त्याच वर्षाच्या बँक कन्फर्मेशनशेजारी ठेवलं. बँकेच्या कागदावर कंपनीचा जुना पत्ता. माझ्या पत्रावर एमआयडीसीतला नवा. कंपनी तिथे गेली होती पत्रावरच्या तारखेनंतर आठ महिन्यांनी.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, हे पत्र नसतं तर मी एक ओळ लिहिली असती. आता मला उरलेला प्रत्येक कागद संशयाने बघावा लागेल." आमचे सर मान खाली घालून बसले होते. चूक माझ्या हातून झाली होती, पण "कागद पूर्ण करा" असं सांगून विषय सोडून देणारे तेच होते. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून सांगतो, अपुरी फाईल हा कामातला दोष आहे. तो पुढच्या वर्षी सुधारता येतो. मागच्या तारखेचा कागद हे खोटं आहे, आणि ते तुमच्या सहीला चिकटून राहतं. शिवाय तो कागद आपण बनवायला देतो कोणाला? विशी-बाविशीतल्या आर्टिकलला. त्याला आपण ऑडिट शिकवतोय की दुसरंच काही, याचा विचार करा.

मग प्रामाणिक रस्ता आहे का? आहे, आणि तो स्टँडर्डमध्येच दिलाय. एसए २३० नुसार ऑडिट रिपोर्टच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांत फाईल बांधून पूर्ण करायची. त्यानंतर काही जोडावं लागलंच, तर का जोडलं, कधी जोडलं, कोणी जोडलं आणि कोणी तपासलं, हे लिहायचं. म्हणजे आज कागद लावताय तर आजचीच तारीख टाका. जे काम तेव्हा झालंच नाही, त्याची नोंद आज तयार करू नका. रिव्ह्यूअरला सांगा, "हे राहिलं होतं, यावर्षीपासून असं करतोय." आणि यावर्षीची फाईल काढून दाखवा.

आता खरी तयारी, जी आजपासून होऊ शकते.

पहिली गोष्ट, सर्टिफिकेटं. टेंडरसाठी टर्नओव्हर, बँकेसाठी नेटवर्थ, व्हिसासाठी आणखी काही. क्लायंट काउंटरवर उभा असतो, आपण यूडीआयएन काढतो, सही करतो, तो जातो. मागे कागद किती उरतो? अनेकदा फक्त ऑफिस कॉपी. सर्टिफिकेटवरचा यूडीआयएन १ फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा आहे, म्हणजे तुम्ही किती सर्टिफिकेटं दिली याची यादी आता लपत नाही. प्रत्येकामागे आकडा कुठून आला त्याची एक शीट ठेवा.

दुसरी गोष्ट, स्टॉक. "मॅनेजमेंटने मोजल्याप्रमाणे व प्रमाणित केल्याप्रमाणे" हे वाक्य लिहून आपण मोकळे होतो. स्टॉक मोठा असेल तर मोजणीला हजर राहणं एसए ५०१ मध्ये अपेक्षित आहे. गेला असाल तर कोण गेलं, कोणत्या दिवशी, कुठले आयटम मोजले, फरक काय निघाला, हे चार ओळीत लिहा. गोडाऊनमध्ये उभं राहूनच लिहा.

तिसरी, टिकमार्क. टॅलीच्या प्रिंटवर हिरव्या पेनाच्या टिका भरपूर असतात, निष्कर्ष कुठेच नसतो. काय तपासलं, ही व्हाउचर का निवडली, काय सापडलं, त्याचं पुढे काय केलं? शेवटी आर्टिकलची सही, पार्टनरची सही, दोघांच्या तारखा.

चौथी, फर्मचे स्वतःचे कागद. एंगेजमेंट लेटर, आणि स्टाफकडून वर्षातून एकदा स्वातंत्र्याचं लेखी डिक्लरेशन.  एका दुपारचं काम आहे, पण बरीच ऑफिसं टाळतात.

आता तुमचा आक्षेप मला माहीत आहे. "सर, फी पंधरा हजार, त्यात एवढा कागद कोण करणार?" आक्षेप खरा आहे. छोट्या गावात फी वाढवली की क्लायंट समोरच्या ऑफिसात जातो. पण तुमच्या सहीवर विसंबून बँकेने कर्ज दिलं, तर बँक मॅनेजर तुमची फी विचारणार नाही. आणि लहान ऑडिटला जाडजूड फाईल लागते असं कोणी म्हणालेलं नाही. काम साधं तर कागद थोडा. वीस पानांची खरी फाईल दोनशे पानांच्या डाउनलोड केलेल्या चेकलिस्टपेक्षा केव्हाही भारी.

आणि व्यवसायिक मित्रांनो, तुमच्यासाठीही एक शब्द. तुमचे सीए स्टॉक मोजायला येतो म्हणाले किंवा एखादं पत्र सहीला पाठवलं, तर "आत्तापर्यंत कधी लागलं नाही" म्हणून वैतागू नका. पत्रावरची तारीख मात्र सही करण्याआधी वाचा. मागची असेल तर सही करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ छोटा आहे. यावर्षीची कुठलीही एक फाईल घ्या आणि ज्याने त्या ऑडिटवर काम केलं नाही अशा आर्टिकलच्या हातात द्या. तुम्ही खोलीबाहेर जा. अर्ध्या तासाने येऊन विचारा, "आपण काय तपासलं आणि का?" त्याला सांगता आलं तर तुमची तयारी झाली. नाही आलं, तर कुठे अडलं ते लिहून घ्या आणि यावर्षीच्या कामात तिथूनच सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.