एका वाक्यानं छळलेली नटी

मैत्रिणींनो, माहेरी कुणी चेष्टेत ‘धांदरट’ म्हणतं आणि ते नाव सासरपर्यंत येऊन पोचतं. नातवंडं झाली तरी सुटत नाही! फाइना रानेव्स्काया या रशियन नटीचंही असंच झालं, बरं का.

1939 साली ‘पोदकिदिश’ नावाचा विनोदी चित्रपट आला. मॉस्कोत घरातून एकटीच बाहेर पडलेली चिमुरडी आणि तिला भेटणारी तऱ्हेतऱ्हेची माणसं, अशी गोष्ट. त्यात फाइना झाली होती नवऱ्यावर हुकमत गाजवणारी बाई. ‘मुल्या, मला वैताग देऊ नकोस’ असं ती त्याला सारखी दटावते. लोक हसून हसून बेजार! पण पुढे ती रस्त्यात दिसली की पोरं ‘मुल्या, मुल्या’ ओरडत मागे लागायची. तिला त्या वाक्याचा अगदी तिटकारा आला. 1976 मध्ये, ऐंशीव्या वर्षी तिला ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ मिळालं, तेव्हा खुद्द ब्रेझनेव्ह यांनीही म्हणे तेच वाक्य ऐकवलं.

फाइनाचा जन्म 1896 चा, तगानरोगचा. चेखॉव्हही याच गावचा. वडील श्रीमंत ज्यू व्यापारी. ही लहानपणी बोलताना अडखळायची, तरी ध्यास नाटकाचा. क्रांतीच्या धामधुमीत घरची माणसं देश सोडून गेली, ही मागे राहिली. पाव्हला वुल्फ या नामवंत नटीनं तिला शिकवलं आणि घरातही घेतलं. क्रिमियातले उपासमारीचे दिवस तिनं वुल्फच्याच कुटुंबात काढले. तिनं लग्न केलं नाही. घर म्हणाल तर तेच.

एवढी गुणी बाई, पण सिनेमात वाट्याला आल्या त्या बहुतेक छोट्या भूमिका. 1947 च्या ‘सिंड्रेला’मधली तिची सावत्र आई मात्र बघावी! तोरा असा, की राग यायच्या आधी हसूच येतं. ‘इव्हान द टेरिबल’मधल्या कारस्थानी काकूच्या भूमिकेसाठी आयझेनस्टाइनला तीच हवी होती. अधिकाऱ्यांनी नाकारलं. कारण काय, तर ती चेहऱ्यावरून ज्यू दिसते! नाटकातही तेच. ‘श्टोर्म’मध्ये तिला काळाबाजारवालीचा एकच प्रवेश होता. तो झाला की प्रेक्षक उठून जात, म्हणून पुढे तो प्रवेशच काढून टाकला, असं सांगतात. चांगलं काम केल्याची ही शिक्षा!

1969 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मात्र तिला एक मोठी भूमिका मिळाली. मोसोव्हेत थिएटरचं ‘पुढे शांतता’ हे नाटक, दिग्दर्शक अनातोली एफ्रोस. म्हातारं जोडपं, राहतं घर हातचं जातं आणि मुलांपैकी कुणालाच दोघांना एकत्र ठेवून घेणं जमत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी राजा परांजपे यांचा ‘ऊन पाऊस’ पाहिला असेल, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

रोस्तिस्लाव्ह प्ल्यात तिचा नवरा झाले होते. शेवटी दोघं निरोप घेतात तेव्हा आईला कळून चुकलंय, की आपण पुन्हा भेटणार नाही. म्हाताऱ्याला ती ते कळू देत नाही. साधंच काहीबाही बोलत राहते. थिएटरात लोक हुंदके देत. मूल-संसार नसलेल्या बाईनं ही आई उभी केली होती.

1984 मध्ये फाइना गेली. हे नाटक 1978 मध्ये चित्रित करून ठेवलं होतं, ते आजही पाहायला मिळतं. भाषा नाही कळली तरी निरोपाचा प्रसंग पाहाच. रुमाल मात्र जवळ ठेवा.