वर्गाने मारलेला शिक्का प्रगतिपुस्तकावर नको



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या नोंदींबरोबर सहाध्यायी मूल्यमापनही, म्हणजे वर्गमित्रांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन, अपेक्षित आहे. त्याला माझा विरोध नाही. दंगेखोर मूल शिक्षकांच्या डोळ्यांवर लगेच येते, गप्प मूल मात्र 'शहाणे' म्हणून सुटून जाते. खिचडीच्या पंगतीत कोणाशेजारी कोणी बसत नाही, लगोरीत कोणाला शेवटपर्यंत घेत नाहीत, हे मुलांनाच ठाऊक असते. म्हणून तर मोरेनो यांनी 1934 साली ग्रंथरूपाने मांडलेली समाजमिती, म्हणजे गटात कोण कोणाला जवळ करतो हे गटातल्यांनाच विचारून मोजण्याची पद्धत, आपल्याकडे शिक्षक प्रशिक्षणात शिकवली जाते.

प्रश्न आहे तो उत्तरांचा अर्थ कसा लावायचा याचा. अमेरिकेत मास्टन आणि सहकाऱ्यांनी 1985 साली 'वर्गनाटक' चाचणी सुधारून मांडली. मुलांनी दिग्दर्शक व्हायचे आणि कोणती भूमिका वर्गातल्या कोणाला शोभेल ते सांगायचे. 'एकट्याने खेळणे पसंत करणारा' आणि 'ज्याला इतर खेळात घेत नाहीत' या दोन्ही भूमिका तिथे एकाच खात्यात मोजल्या गेल्या. केनेथ रुबिन यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे त्या वेगळ्या काढल्या. पहिल्यात मूल आपणहून मागे सरते, दुसऱ्यात वर्ग त्याला मागे सारतो. आमच्या मुळशीत हा फरक फार मोलाचा आहे. कातकरी वाडीवरची मुलगी वर्गात तोंड उघडत नसेल, कारण उघडले की तिच्या बोलीला हसतात, आणि तिच्या नावापुढे 'इतरांत मिसळत नाही' असे लिहिले गेले, तर दोष तिच्या माथी बसतो आणि हसणारे नामानिराळे राहतात.

त्यातून मुठा खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट लहान. दहा-पंधरा मुलांत चिठ्ठीवर नाव नसले तरी अक्षर ओळखू येते आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट घरोघरी पोचते. 'तुला कोण आवडत नाही?' हा प्रश्न इथे विचारूच नये. कोणाबरोबर बसायला, खेळायला आवडेल, एवढेच शिक्षकांनी एकेकाला बाजूला घेऊन तोंडी विचारावे. ज्याचे नाव कोणीच घेत नाही, त्याच्यासाठी आधी बसण्याच्या जागा आणि गट बदलून पाहावेत, आणि काही आठवड्यांनी सर्वांना पुन्हा विचारावे. त्या नोंदी शिक्षकांकडेच राहाव्यात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने केंद्रप्रमुखांमार्फत शिक्षण परिषदेत ही सूचना लेखी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षक, मुठा (ता. मुळशी, जि. पुणे)